टी१ नंतर टी१०

आर ही संख्याशास्त्राची संगणकप्रणाली उतरवून घेतली की तिच्याबरोबर तीस रोपांची वजनं आपोआप येतात. तक्त्याचं नाव ‘प्लांटग्रोथ’. रकाने दोनच: एकात वाळवलेल्या रोपाचं वजन, दुसऱ्यात ते रोप कोणत्या गटातलं. गट तीन: कंट्रोल, ट्रीटमेंट एक आणि ट्रीटमेंट दोन. प्रत्येकात दहा रोपं. वनस्पती कोणती, ट्रीटमेंट कसली, वजन कोणत्या एककात, यातलं काहीही तिथे नोंदलेलं नाही. अ‍ॅनेट डॉब्सन यांच्या १९८३ सालच्या पाठ्यपुस्तकातून हे आकडे आरमध्ये आले आणि तेव्हापासून असंख्य विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर हात बसवून घेतला. आपणही तेच करू. गटवार माहितीचं विश्लेषण करताना जिथे जिथे पाय घसरतो, त्यातल्या बऱ्याच जागा या तीस आकड्यांत सापडतात.

कंट्रोलची सरासरी ५.०३२, ट्रीटमेंट एकची ४.६६१ आणि ट्रीटमेंट दोनची ५.५२६. म्हणजे पहिल्या ट्रीटमेंटने रोपं खुरटली आणि दुसरीने फोफावली, असं वरवर दिसतं. पण ट्रीटमेंट एकच्या दहा रोपांकडे नीट पाहिलं तर त्यात एक ३.५९ वजनाचं आहे आणि एक ६.०३ चं. एकाच गटातली रोपं एकमेकांत एवढा फरक दाखवत असतील, तर गटागटांतला अर्ध्या एककाचा फरक किती मनावर घ्यायचा?

एकघटकी मॉडेलचं सगळं काम एवढंच आहे. प्रत्येक रोपाचं वजन म्हणजे त्याच्या गटाची सरासरी, अधिक जे काही उरलं ते. तिसरं काही नाही. सर्व तीस रोपांची मिळून सरासरी ५.०७३ येते. तिच्यापासून प्रत्येक रोपाचं अंतर घेऊन, वर्ग करून बेरीज केली तर १४.२५८ ही एकूण तफावत मिळते. तिचे दोन तुकडे पडतात: ३.७६६ गटागटांमधली, १०.४९२ गटांच्या आतली. पहिलीला २ ने भागायचं, कारण तीन सरासऱ्या सामायिक सरासरीभोवती मोजल्या तर त्यातल्या दोनच मोकळ्या उरतात. दुसरीला त्याच न्यायाने ३० वजा ३, म्हणजे २७ ने. हे दोन आणि सत्तावीस म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम, बोलीत डीएफ. भागाकार येतात १.८८३ आणि ०.३८९, त्यांचं गुणोत्तर ४.८४६. हाच एफ. गटांत खरा फरक नसेल तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा एफ मिळण्याची शक्यता ०.०१५९, शंभरात दीडेक वेळा. हाच पी.

ही रीत, म्हणजे अ‍ॅनालिसिस ऑफ व्हेरिअन्स किंवा अनोव्हा, रोनाल्ड फिशर यांची. १९१९ मध्ये ते लंडनच्या उत्तरेला असलेल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. तिथे वर्षानुवर्षांच्या पिकांच्या नोंदी साचून पडल्या होत्या. १९२५ मध्ये त्यांचं संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक निघालं आणि अनोव्हाचा तक्ता शेती संशोधनात रुळू लागला. फिशर स्वतः एफ वापरत नसत. गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर बेतलेलं झेड हे माप ते वापरत, आणि हाताने हिशेब करणाऱ्याला ते जाचक होई. कलकत्त्याहून प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३२ मध्ये त्यासाठी मदतीचे तक्ते छापले. अमेरिकेत आयोवामध्ये जॉर्ज स्नेडेकर यांनी सरळ गुणोत्तराचे तक्ते केले आणि फिशर यांच्या सन्मानार्थ त्याला एफ नाव दिलं. आपल्याकडे ही रीत शेतीच्या शिक्षणात पक्की रुजवली ती वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या जोडीने. इंदूरच्या कापूस संशोधनात घडलेले पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे सुखात्मे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढलेलं त्यांचं पुस्तक कृषी महाविद्यालयांत आजही ‘पानसे-सुखात्मे’ म्हणूनच ओळखलं जातं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठल्याही विद्यापीठातला एमएस्सीचा प्रबंध उघडा. तक्त्याच्या तळाशी ‘एस. ई. (एम) ±’ आणि ‘सी. डी. ५%’ या दोन ओळी हमखास असतात.

पुढे हा हिशेब यंत्राकडे गेला. यंत्राला काय सांगायचं, हा प्रश्न पहिल्यांदा नेटका सुटला तोही रोथॅमस्टेडच्या गोतावळ्यातच. जॉन नेल्डर १९६८ पासून तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि त्यांच्या देखरेखीखाली जेनस्टॅट ही प्रणाली आकार घेत होती. ग्रॅहम विल्किन्सन आणि सी. ई. रॉजर्स यांनी १९७३ मध्ये मॉडेल लिहिण्याची एक आटोपशीर लिपी मांडली: घटकांची नावं आणि त्यांच्यामध्ये मोजकी चिन्हं. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या एस या भाषेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती उचलली, डाव्या-उजव्या बाजूंच्या मध्ये लहरी रेघ टाकली, आणि एसच्या धर्तीवर न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी रचलेल्या आरमध्ये ती जशीच्या तशी आली. त्यामुळे आज तीस रोपांचा सगळा अनोव्हा एका ओळीत मावतो:

वजन ~ गट

म्हणजे, वजन गटावर अवलंबून आहे असं समज आणि हिशेब कर. एवढं सुटसुटीत, की त्यात काय दडलंय ते दिसत नाही. दडलंय ते असं: ‘गट’ या रकान्यात नावं आहेत की आकडे, यावर यंत्र दोन संपूर्णपणे वेगळी मॉडेलं बसवतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

समजा, कोणी गटांची नावं न लिहिता कंट्रोलला १, ट्रीटमेंट एकला २ आणि ट्रीटमेंट दोनला ३ असे क्रमांक दिले. ही कल्पित भीती नाही. एसपीएसएस या दुसऱ्या संगणकप्रणालीच्या वन-वे अनोव्हाला घटकाचा रकाना आकड्यांतच लागतो. तिथे शिकलेल्या माणसाच्या बोटांना १, २, ३ ची सवय लागलेली असते आणि तीच फाइल तो एक दिवस आरमध्ये उघडतो. एसपीएसएस त्या आकड्यांना गटांची नावं मानतं. आरमधली रेषीय मॉडेल बसवणारी आज्ञा मात्र १, २, ३ दिसले की त्यांना खरोखरचे आकडे समजते आणि एक सरळ रेषा ओढते. रेषेचं म्हणणं असं: कंट्रोलपासून ट्रीटमेंट एकपर्यंत जेवढं वजन वाढतं, तेवढंच पुढे ट्रीटमेंट दोनपर्यंत वाढतं. आपल्या आकड्यांत तर आधी घट आहे आणि मग वाढ. रेषा बिचारी मधून कशीबशी जाते, दर पायरीला ०.२४७ चढते. गटांच्या नावे जमा होणारी तफावत ३.७६६ वरून १.२२० वर येते, एफ ४.८४६ चा २.६२ होतो आणि पी ०.०१५९ चा साधारण ०.१२. त्याच तीस रोपांवरून एकदा ‘फरक आहे’ आणि एकदा ‘फरक दिसत नाही’ असे दोन निकाल.

चूक पकडायची जागा पी नाही, डीएफ आहे. तीन गटांसमोर २ हवेत; तिथे १ दिसला की रेषा ओढली गेलीय हे नक्की. निकालाच्या तक्त्यात माणसाची नजर उजवीकडच्या टोकाला, पीपाशी आणि त्याच्या शेजारच्या चांदण्यांपाशी धावते. डीएफ डावीकडे पहिल्याच रकान्यात असतो आणि त्याला कोणी विचारत नाही. माझ्या मते त्या तक्त्यातला सर्वांत प्रामाणिक आकडा तोच, कारण तो वजनांवर मुळीच अवलंबून नसतो. यंत्राने गट किती आणि कसे ओळखले, तेवढंच तो सांगतो. वजनं भरणाऱ्याने कुठे ‘कंट्रोल’ आणि कुठे शेवटी चुकून एक रिकामी जागा सोडून ‘कंट्रोल ’ लिहिलं असेल तर यंत्राच्या लेखी ते दोन गट. डोळ्यांना ते दिसणार नाही, पण डीएफ २ चा ३ झालेला असतो.

२०२० च्या एप्रिलमध्ये आरची ४.०.० ही आवृत्ती आली तेव्हा या बाबतीत एक जुनी सवय बदलली. आधी फाइल वाचताना अक्षरांतला प्रत्येक रकाना आपोआप ‘फॅक्टर’ या जातीचा, म्हणजे गटांची यादी असलेला, बनत असे; आता तो साधा मजकूर राहतो. रेषीय मॉडेलच्या दृष्टीने याने बिघडत नाही, कारण मजकूर दिसला की ती आज्ञा त्याला स्वतःच गट मानते. धोका फक्त आकड्यांचा आहे. तो तेव्हाही होता, आताही आहे.

आता नावं बरोबर दिली, डीएफ २ आला, असं धरू. आर जो पहिला निकाल समोर ठेवते त्यात तीन सरासऱ्या नसतातच. असतात ते तीन सहगुणक: ५.०३२, उणे ०.३७१ आणि ०.४९४. पहिला कंट्रोलची सरासरी. दुसरा ट्रीटमेंट एक आणि कंट्रोलमधला फरक. तिसरा ट्रीटमेंट दोन आणि कंट्रोलमधला. एक गट पायाभूत धरायचा आणि बाकीच्यांचं त्याच्यापासूनचं अंतर सांगायचं, अशी ही मांडणी. दोन्ही फरकांसमोरचे पी आहेत ०.१९४ आणि ०.०८८. दोन्ही ०.०५ च्या वर.

इथे अनेकजण गोंधळतात. तळाशी एफची ओळ म्हणते, गटांमध्ये फरक आहे, पी ०.०१५९. वरचे दोन्ही सहगुणक म्हणतात, आमच्यात काही विशेष नाही. मग फरक कोणात आहे? ज्या जोडीबद्दल यंत्राला विचारलंच नाही, त्या जोडीत. ट्रीटमेंट एक कंट्रोलच्या खाली आहे, ट्रीटमेंट दोन वर. त्या दोघींमध्ये ०.८६५ चं अंतर आहे. पायाभूत गट बदलून ट्रीटमेंट एकला तो मान दिला, की ट्रीटमेंट दोनसमोर ०.८६५ उमटतं आणि पी ०.००४५. मॉडेल तेच, एफ तोच, प्रत्येक रोपासाठीचा अंदाज तोच. बदललं ते फक्त कोणाच्या खांद्यावरून पाहायचं ते.

मग आरने कंट्रोलच पाया का धरला? ती काही प्रयोगशाळेतला रिवाज ओळखत नाही. इंग्रजी वर्णक्रमात ‘सी’ हे अक्षर ‘टी’च्या आधी येतं, एवढंच. आपल्याकडच्या प्रयोगांत ट्रीटमेंट्सना टी१, टी२, टी३ अशी नावं असतात आणि कंट्रोल बहुधा यादीच्या शेवटी, टी७ किंवा टी१२ म्हणून येतो. अशी फाइल दिली तर आर टी१ ला पाया धरते आणि सगळी तुलना त्याच्याशी करते. कंट्रोल नुसता एक पाहुणा. त्यात वर्णक्रम लावताना टी१ नंतर टी१०, मग टी११, टी१२ आणि त्यानंतर टी२. आलेखावर बारा ट्रीटमेंट्स या क्रमाने उभ्या राहतात आणि खताची मात्रा टी१ पासून टी१२ पर्यंत वाढवत नेलेली असेल तर आलेख विनाकारण वरखाली उड्या मारताना दिसतो. नावं टी०१, टी०२ अशी लिहिली तरी आलेखाचं काम भागतं. पाया मात्र आपण हाताने नेमावा लागतो.

बरं, सगळ्या प्रणाली आरसारख्या वागतात असंही नाही. सॅसच्या जीएलएममध्ये वर्णक्रमातला शेवटचा गट पाया ठरतो. मिनिटॅब एरवी कोणाला पाया न धरता सरासऱ्यांच्या सरासरीपासून अंतरं मोजतं. त्यामुळे दोन सहकाऱ्यांनी दोन प्रणालींत एकच माहिती घातली तर सहगुणक जुळत नाहीत आणि दोघांनाही वाटतं समोरच्याने घोळ घातला. अशा वेळी सहगुणक बाजूला ठेवून गटांच्या सरासऱ्या आणि एफ ताडून पाहावेत. ते जुळले की भांडण मिटलं. घटक दोन असले आणि गटागटांतल्या मोजण्यांची संख्या असमान असली तर मात्र हे भांडण इतक्या सहज मिटत नाही. तिथे वर्गबेरजांचे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या प्रकाराचे वाद सुरू होतात. एकाच घटकात हे तिन्ही प्रकार एकच उत्तर देतात, ही या मॉडेलची एक निवांत सोय.

जोड्यांची तुलना पानसे-सुखात्मे परंपरेत सी. डी. ने, म्हणजे क्रिटिकल डिफरन्सने, होते. तीस रोपांचा हिशेब पाहा: गटांतर्गत ०.३८९ ला दोनाने गुणून दहाने भागलं आणि वर्गमूळ काढलं की ०.२७९. सत्तावीस डीएफला टी वितरणाची पाच टक्क्यांची किंमत २.०५२. गुणाकार ०.५७२. दोन सरासऱ्यांत याहून जास्त अंतर असेल तर फरक ‘सिग्निफिकंट’. ०.८६५ पार होतं, ०.४९४ आणि ०.३७१ होत नाहीत. तीन गटांत तीनच जोड्या, म्हणून हे चालून जातं. बारा ट्रीटमेंट्सच्या सहासष्ट जोड्या होतात आणि तिथे प्रत्येक जोडीला पाच टक्के चुकीची मुभा दिली तर एखादी तरी जोडी उगाच चमकणारच. जॉन ट्यूकी यांची पद्धत सर्व जोड्यांचा एकत्र विचार करते. तिच्या हिशेबाने आपल्या जोडीचा पी ०.००४५ वरून ०.०१२ वर जातो. निकाल टिकतो, पण जरा नम्र होऊन. सी. डी. चं प्रस्थ आपल्या प्रबंधांत गरजेपेक्षा जास्त टिकून राहिलंय असं मला वाटतं. हाताने हिशेब करण्याच्या काळात एकच आकडा काढून सगळ्या तक्त्याला लावणं ही मोठी सोय होती. आता ती सोय राहिलेली नाही, सवय राहिलीय.

हाताच्या हिशेबातली आणखी एक गोष्ट यंत्रांना भोवली. कृषीचे विद्यार्थी अनोव्हाची सुरुवात सी. एफ. ने, करेक्शन फॅक्टरने करतात: सर्वांची बेरीज, तिचा वर्ग, भागिले एकूण संख्या. आपल्या रोपांची बेरीज १५२.१९, म्हणून सी. एफ. ७७२.०६. मग प्रत्येक वजनाच्या वर्गांची बेरीज ७८६.३२, तिच्यातून सी. एफ. वजा, की १४.२६. कागदावर हे उत्तम. पण यंत्रात एका आकड्यासाठी साधारण पंधरा-सोळा अंकांचीच जागा असते. आकडे मोठे आणि त्यांच्यातले फरक बारीक असले तर दोन प्रचंड, जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी होते आणि हाती लागतो तो शेवटच्या अंकांतला गाळ. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने संगणकप्रणालींच्या परीक्षेसाठी मुद्दाम असे संच ठेवले आहेत. त्यातल्या कठीण संचात नऊ गट आहेत आणि आकडे १०,००,००,००,००,०००.४ च्या आसपासचे. फरक फक्त दशांश चिन्हानंतर. प्रमाणित एफ २१. सी. एफ. च्या मार्गाने गेलं तर १० च्या २४व्या घाताएवढे वर्ग तयार होतात आणि दशांशानंतरचं सगळं वाटेतच सांडतं. १९९९ मध्ये मॅकलॉ आणि विल्सन यांनी एक्सेल ९७ ला या कसोट्या लावल्या तेव्हा त्याचा अनोव्हा कठीण संचांवर सपशेल आपटला. २००३ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने हिशेबाची पद्धत बदलली. आर सी. एफ. च्या वाटेला जातच नाही. तिथे गटांच्या रकान्यांचं क्यूआर विघटन होतं आणि वर्ग करण्याआधीच सरासऱ्या वेगळ्या काढल्या जातात. तरीही या संचावर चांगल्या प्रणालींना पहिले काही अंकच बरोबर मिळतात, कारण १०,००,००,००,००,०००.४ हा आकडाच यंत्रात तंतोतंत मावत नाही.

आतापर्यंत आपण गृहीत धरलं की प्रत्येक गटातला पसारा सारखाच आहे. रोपांच्या बाबतीत ते खपून जातं. आरमधलाच दुसरा तक्ता, ‘इन्सेक्टस्प्रेज’, घ्या. बील यांनी १९४२ मध्ये छापलेले आकडे: सहा कीटकनाशकं, प्रत्येकाची बारा क्षेत्रं, फवारणीनंतर उरलेल्या किड्यांची मोजदाद. सहाव्या फवारणीनंतर सरासरी १६.७ किडे उरले आणि प्रचरण, म्हणजे पसाऱ्याचं माप, ३८.६, पाचवीनंतर ३.५ किडे आणि प्रचरण ३.०. जिथे किडे जास्त तिथे चढउतारही जास्त. मोजदादीचा हा स्वभावच आहे. सर्वांवर एकच सरासरी चूक लादली की पाचवीसारख्या नेमक्या गटांच्या तुलना उगाच धूसर होतात आणि सहावीसारख्यांच्या उगाच ठळक. बी. एल. वेल्च यांनी १९५१ मध्ये प्रत्येक गटाला त्याचं स्वतःचं प्रचरण ठेवू देणारा उपाय दिला. आरच्या वन-वे चाचणीत तो न सांगताच लागू होतो. किड्यांच्या तक्त्यात गटांतर्गत डीएफ ६६ वरून ३० वर उतरतात. रोपांच्या तक्त्यात २७ वरून १७.१३ होतात, पण एफ ५.१८ आणि पी ०.०१७४, म्हणजे निकाल जवळपास तोच. विम्याचा हप्ता एवढा स्वस्त असेल तर तो नेहमीच भरावा, असं माझं मत. मोजदादीसाठी वर्गमूळ घेणं किंवा प्वासाँचं मॉडेल बसवणं अधिक स्वाभाविक, हेही खरं.

पसाऱ्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे आणि त्याची खूण डीएफमध्येही उमटत नाही. दहा रोपं म्हणजे दहा कुंड्या होत्या की एका कुंडीत दहा रोपं? तक्त्यात हे लिहिलेलं नाही. प्रत्येक ट्रीटमेंटला एकच कुंडी असेल तर ट्रीटमेंटचा परिणाम आणि कुंडीचा परिणाम वेगळे करण्याचा कोणताही मार्ग नाही. खिडकीजवळच्या कुंडीला ऊन जास्त मिळालं असेल तर त्याचंही श्रेय ट्रीटमेंटला जाईल. परिसरशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये अशा खोट्या पुनरावृत्तीवर एक खरमरीत लेख लिहिला. यंत्र २७ डीएफ छापून मोकळं होतं. ते २७ खरे होते का, ते प्रयोग मांडणाऱ्यालाच माहीत.

गटांबद्दल आणखी एक गोष्ट यंत्राला आपणहून कळत नाही. हेच गट आपल्याला हवे आहेत, की ते सहज हाती लागलेले नमुने आहेत? चर्चिल आयझेनहार्ट यांनी १९४७ मध्ये हा भेद पहिलं मॉडेल आणि दुसरं मॉडेल अशा नावांनी मांडला. दुसऱ्या मॉडेलचं नेहमीचं उदाहरण रंगाच्या कारखान्यातलं आहे. कच्च्या मालाच्या सहा बॅचेस, प्रत्येकीतून पाच वेळा रंग तयार केला, आणि दर वेळी प्रमाणित रंग किती ग्रॅम मिळाला ते नोंदलं. ओ. एल. डेव्हिस यांच्या पुस्तकातून हे तीस आकडे आले. बॅचेसच्या सरासऱ्या १५०५, १५२८, १५६४, १४९८, १६०० आणि १४७०. पाचवी बॅच चांगली निघाली म्हणून काही उपयोग नाही, ती संपली. पुढच्या महिन्यात सातवी येणार आहे. प्रश्न असा की बॅचेस एकमेकींपासून किती हलतात.

तक्ता तोच बनतो. बॅचेसमधला भागाकार ११,२७१.५, बॅचच्या आतला २,४५१.२५, एफ ४.६. पण आता एफपाशी थांबायचं नाही. बॅचेसमधल्या आकड्यात आतली हालचालही मिसळलेली असते. ती वजा करून पाचाने भागलं की निव्वळ बॅचचं प्रचरण मिळतं: १,७६४, म्हणजे ४२ ग्रॅमचं प्रमाण विचलन. आतलं ४९.५ ग्रॅम. कारखान्याला कळतं की चढउताराचं बरंच मोठं मूळ मालात आहे, फक्त कामगारांच्या हातात नाही. विस्कॉन्सिनचे डग्लस बेट्स आणि सहकाऱ्यांची एलएमई४ ही जोडप्रणाली आरमध्ये नेमके हेच दोन आकडे देते. वर बॅचेसच्या सरासऱ्या जरा मध्याकडे ओढून घेते: पाचवी बॅच एकूण सरासरीपेक्षा ७२.५ ग्रॅम वर होती, तर एलएमई४ तिला ५६.७ चंच श्रेय देते. पाचच मोजण्यांवरून एवढी शाबासकी देणं तिला पटत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

एलएमई४ मध्ये या तक्त्याचा एक जुळा भाऊ आहे, ‘डायस्टफ२’. बॉक्स आणि टिआव यांच्या १९७३ च्या ग्रंथातला, मुद्दाम रचलेला. तोही सहा बॅचेस, पाच-पाच मोजण्यांचा. फरक असा की यात बॅचेसमधला भागाकार आतल्यापेक्षा लहान आहे. जुन्या रीतीने वजाबाकी केली तर बॅचचं प्रचरण उणे येतं. एलएमई४ उणे जाऊच देत नाही; ती शून्याच्या काठावर थांबते, बॅचसमोर ० छापते, आतलं १३.८१ छापते आणि मॉडेल काठावर बसल्याची एक ओळीची सूचना देते. सूचना वाचून बहुतेकजण घाबरतात किंवा बॅचेस एकसारख्या असल्याचा निष्कर्ष काढून मोकळे होतात. सहा बॅचेसवरून एवढं म्हणता येत नाही. शून्य हा इथे सर्वांत संभाव्य अंदाज आहे, पण त्याच्या शेजारच्या लहानसहान धन किमतीही तितक्याच पटण्याजोग्या असतात.

उण्याला अर्थ असू शकतो, हे १९५४ मध्येच ‘बायोमेट्रिका’त लिहिलं गेलं होतं, आणि लिहिणारे होते पुढे जेनस्टॅट घडवणारे नेल्डर. एका कुंडीत पाच रोपं दाटीवाटीने लावली तर खत-पाणी तेवढंच. एकाने जास्त खाल्लं की दुसरं उपाशी. मग कुंडीच्या आतला फरक फुगतो आणि कुंड्यांच्या सरासऱ्या मात्र एकमेकींच्या जवळ येतात. तिथे उणं उत्तर हीच खरी बातमी असते. ती हवी असेल तर यंत्राला काठावर थांबू नको असं सांगावं लागतं. सॅसच्या मिक्स्डमध्ये त्यासाठी नोबाउंड हा पर्याय आहे. आरमध्ये एनएलएमई या जुन्या जोडप्रणालीत एकाच गटातल्या दोन मोजण्यांमधला सहसंबंध थेट बसवता येतो आणि तो उणे असायला तिथे आडकाठी नाही. गटात पाच मोजण्या असतील तर तो उणे एक चतुर्थांशापर्यंत जाऊ शकतो, त्याखाली नाही.